वास नाही

१

तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी दोघी जणी दाराबाहेरच्या लाकडी खोक्यात आपापला संसार काढून ठेवायच्या. मोबाइल, किल्ल्या, केसांतल्या पिना, वन्संचं मनगटी घड्याळ. मग चौकटीवर ठोकलेल्या तांब्याच्या पट्टीला उघडा तळवा लावायचा, म्हणजे अंगात साठलेली वीज जमिनीत उतरते, आणि मगच उंबरा ओलांडायचा. उंबरा चांगला वीतभर उंच होता. आत काही सांडलं तर बाहेर वाहू नये म्हणून तो मुद्दाम तसा बांधून घेतलेला, आणि नवा माणूस त्याला हमखास ठेचकाळायचा.

वहिनी काही आता नवी राहिली नव्हती. पण हल्ली उंबरा ओलांडताना तीही खाली मान घालून पायांकडे बघायची.

दोघी नणंद-भावजय. नणंद इथली जुनी; तिनंच शब्द टाकून भावजयीला कामाला आणलं. घरात एकीनं वन्सं म्हणायचं, दुसरीनं वहिनी, ते तोंडात बसलेलं इथंही सुटेना. बघता बघता साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना त्याच नावांनी हाक मारू लागले. "अख्ख्या जगाची नणंद झाले मी," वन्सं म्हणायच्या. "एका भावजयीला सांभाळता पुरेवाट होते, त्यात हा मिशीवाला पहारेकरीसुद्धा भावजय!"

काम तसं साधं. तेलबियांचे आणि पेंडीचे नमुने यायचे, त्यांत तेल किती ते काढून द्यायचं. कुटलेला नमुना कागदी नळकांड्यात भरायचा, नळकांडं काचेच्या उपकरणात सोडायचं, खालच्या फ्लास्कमध्ये हेक्झेन हे तेल विरघळवणारं रसायन ओतायचं आणि फ्लास्क गरम पाण्यात बसवायचा. हेक्झेन उकळून वर जातं, वरच्या गार नळीला लागून पुन्हा थेंब थेंब खाली पडतं, आणि प्रत्येक फेरीत नमुन्यातलं तेल ओढून आणतं. दिवसभर ती टिपटिप ऐकत बसायचं.

हेक्झेन दिसायला अगदी पाणी. हातावर पडलं तर क्षणभर गार लागतं आणि उडून जातं, डागसुद्धा राहत नाही. पहिल्याच दिवशी साहेबांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं होतं, "याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली उतरते. फरशीवरून सरपटत खोलगट जागा शोधत जाते. लांब कुठं एखादी ठिणगी भेटली, की आग त्याच वाटेनं मागे खोलीत येते." म्हणून त्या खोलीतला हवा ओढणारा पंखा छताजवळ नव्हता. घोट्याच्या उंचीवर, भिंतीत, जाळीमागे बसवलेला होता, आणि तो सदा घुं घुं करत असायचा.

आणखी एक गोष्ट होती. हेक्झेनचा वास येतो, पेट्रोलसारखा, जरासा गोडसर. पण आत बसलेल्या माणसाला तो थोड्याच वेळात यायचा बंद होतो. वास असतो, नाकच मरतं. भिंतीवर इशारा देणारी एक पेटी होती, ती दुरुस्तीला गेली होती आणि येईल येईल म्हणत अजून आली नव्हती. पण ती पेटी पहिल्यांदा बसवण्याच्याही आधीपासून तिथं एक रीत होती. बाहेरून येणाऱ्यानं उंबऱ्यावर थांबायचं, ताज्या नाकानं एक श्वास घ्यायचा आणि मोठ्यानं सांगायचं, वास आहे की नाही. आतल्यांनी त्यावर चालायचं.

हे काम बहुतेक वेळा नमुने घेऊन येणारे गृहस्थ करायचे. त्यांचं नावच नाकोबा पडलं होतं. लाकडी ट्रे हातात धरून ते उंबऱ्याशी उभे राहायचे, मान वर करून हवा ओढायचे, एखाद्या गवयानं सूर लावावा तसे डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "वास नाही."

"बरं," आतून उत्तर जायचं. कुणी मागे वळून बघायचं नाही.

दुसरी रीत ओतण्याची. पिंपातून कॅनमध्ये हेक्झेन सोडताना नुसत्या धारेनंसुद्धा वीज तयार होते, आणि एवढीशी ठिणगी पुरते. म्हणून पिंपाला आणि कॅनला तारेनं जमिनीशी जोडायचं. तोटीवर वन्सं बसायच्या, तारेची क्लिप वहिनी लावायची. क्लिप लागली की वहिनी म्हणायची, "लावली." ते ऐकल्याशिवाय वन्सं तोटीला हात लावत नसत. ऐकल्यावर मात्र वळून खात्री करत नसत. एवढा विश्वास नसेल तर काम व्हायचं कसं?

२

त्या दिवशी वहिनी दाराकडे पाठ करून नमुने तोलत होती. वन्सं पलीकडे फ्लास्क पुसत होत्या. मागे उंबऱ्याशी काहीतरी घासल्यासारखं झालं, आणि नेहमीसारखं आलं, "वास नाही."

"बरं," वहिनी म्हणाली.

तिनं फ्लास्क भरले, पाण्यात बसवले. पाणी जेमतेम कोमट होतंय तोच दारातून नाकोबांचा आवाज कडाडला, "अहो, वास आहे! भरपूर आहे! बंद करा ते, बाहेर या आधी."

दोघी बाहेर आल्या. नाकोबा तोंडाला रुमाल लावून आत जाऊन आले. वापरलेलं हेक्झेन साठवायच्या कॅनचं झाकण तिरकं बसलं होतं. ते नीट लावलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, पंखा चालूच होता. तिघं अंगणात झाडाखाली उभी राहिली.

"मग मघाशी नाही कशाला म्हणालात?" वहिनीनं विचारलं.

"मघाशी कधी? मी आत्ता येतोय. वाटेत सायकलला हवा भरत होतो."

"म्हणाला होतात की," वन्सं म्हणाल्या.

वहिनी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं म्हणजे..." वन्सं थांबल्या. "रोज म्हणतात ते. आजही म्हणाले असतील."

"हे छान झालं," नाकोबा म्हणाले. "मी नसतानाही तुम्हाला मी ऐकू येतो. उद्यापासून घरीच लोळत पडतो, तुमचं तुम्ही ऐका."

वन्सं हसल्या, वहिनीही हसली. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी काही दिवस त्याचे टोले कानाला ऐकू येतातच की. कानाला सवय असते, कान आपलं आपण भरून घेतो. एवढं साधं होतं ते. तिनं स्वतःला तसं नीट समजावलं, आणि ते पटलंही.

फक्त एक राहिलं. आपण "बरं" म्हणालो होतो, हे तिला स्वच्छ आठवत होतं. ते कुणाला म्हणालो, एवढंच सुचत नव्हतं.

३

संध्याकाळी घरी परतताना मागून एका बाईनं हाक मारली, "अहो, तुमची चप्पल!"

वहिनीनं खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती मागे, रस्त्याच्या वळणापाशी पडली होती. तिथून इथवर ती खडीवरून एका अनवाणी पायानं चालत आली होती आणि पायानं तिला काहीच कळवलं नव्हतं. तळव्याला रक्त होतं. ते दुसऱ्या कुणाच्या पायाचं असावं तसं ती बघत राहिली.

बोटांचं आधीपासून चाललं होतं. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. आता काही धरायचं तर डोळ्यांनी बघून धरावं लागे. दिवा गेला की हातातला पेला हातात आहे की नाही ते समजत नसे.

घरी न जाता ती तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं.

"टोचतंय?"

"टोचलंत का तुम्ही?"

डॉक्टरांनी टाचणी जरा वर टोचून पाहिली. मग त्यांनी कामाची चौकशी केली. हेक्झेनचं नाव ऐकल्यावर टाचणी ठेवून दिली. "नसा मरताहेत टोकाकडून. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखं होतं, तेच हे. ती खोली सोडा."

"सोडली की बरं वाटेल?"

"लगेच नाही. सोडल्यावरही काही दिवस वाढत जाईल, तेव्हा घाबरू नका. मग थांबेल. मग हळूहळू परत येईल, बहुतेक."

घाबरू नका म्हणाले, पण वहिनीला भीती अशी वाटलीच नव्हती. भीती कुठंतरी लांब, बोटांच्या टोकाला असावी आणि तिथवरची वाट बंद झाली असावी, तसं काहीसं झालं होतं.

घरी तिनं नवऱ्याला चप्पल तुटल्याचं सांगितलं. स्वयंपाकघरात गेली तर वन्सं उकळतं पातेलं फडक्याशिवाय उतरवत होत्या. दोन्ही हातांनी, अगदी सावकाश.

"वन्सं! चटका बसेल!"

"काही होत नाही गं." वन्संनी पातेलं ठेवलं आणि तळहात उलटेसुलटे करून पाहिले. ते लालभडक झाले होते. "माझी कातडी जुनी आहे. तुझ्या नवऱ्याला आंघोळ घालण्यापासून गरम पाण्यातच गेलाय जन्म."

त्या वेळी वहिनीला समजलं की खोली आपण एकटीनं सोडून भागायचं नाही. आणि वन्सं अशा सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या; त्या आत असेतो वहिनीलाही जावंच लागणार होतं. डॉक्टरचं नाव काढलं की त्या माळ्यावरचे डबे घासायला काढायच्या. त्या आयुष्यात फक्त एकाच माणसाचं निमूट ऐकत. कामावर, तोटीशी बसल्यावर, पाठीमागून वहिनी "लावली" म्हणाली की.

४

"उद्यापासून आधी चौकटीवर ट्रे वाजवत जा," वहिनीनं नाकोबांना सांगितलं. "मग बोला."

"का? मी काय नाटकवाला आहे, आधी घंटा द्यायला?"

"वाजवा हो. माझ्यासाठी."

नाकोबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग रोज ठकठक व्हायचं, वहिनी लगेच वळून बघायची, दारात नाकोबा ट्रे उंच धरून दरबारी मुजरा करायचे, आणि म्हणायचे, "वास नाही, सरकार!" वन्संना ते फार आवडलं. असे काही दिवस बरे गेले.

एका दुपारी टिपटिप चालू होती, पंखा घुं घुं करत होता. ठकठक झालं.

"वास नाही."

वहिनी झटक्यात वळली. दारात कुणी नव्हतं. अंगणातलं ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं.

"बरं," वन्सं म्हणाल्या, उपकरणावरची नजर न काढता.

वहिनी जागच्या जागी उभी राहिली. कुणीतरी बोलून चटकन बाजूला झालं असेल. पंख्याची जाळी मागच्या बोळात उघडते, तिकडून कुणाचा आवाज आला असेल. पण पंखा हवा बाहेर फेकतो, आवाज आत कसा आणेल? एक एक कारण ती काढत होती आणि ठेवून देत होती. तेवढ्यात, आपल्याला काय खटकतंय, ते तिला उमगलं. नाकोबा चांगले उंच होते. त्यांचा आवाज नेहमी डोक्यावरून यायचा. हा आवाज खालून आला होता. ठकठकसुद्धा चौकटीवर वाजली नव्हती. ती खाली, उंबऱ्यावर वाजली होती.

"वन्सं, चला बाहेर."

"अगं, आत्ताच ते नाही म्हणाले..."

"चला म्हणते ना!"

नाकोबा आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला पोती मोजत होते. त्यांना बोलावून आणलं. उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी हवा ओढली आणि नकारार्थी मान हलवली. "नाही. काहीच नाही."

"बसून बघा."

ते गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले. नाक उंबऱ्याच्या पातळीला नेलं. थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी आतल्या फरशीकडे, टेबलाखालून, पंख्याच्या जाळीपर्यंत नजर नेली, आणि तिथंच ठेवली.

"आहे," ते हळूच म्हणाले. "उभ्यानं नाही. बसलं की आहे."

ते उठले आणि त्यांनी तांब्याच्या पट्टीला तळवा लावला. खोलीत जायचं नव्हतं तरी लावला. वहिनी वाट बघत होती, की आता ते काहीतरी विनोद करतील. त्यांनी केला नाही. त्या संध्याकाळी गुडघा दुखतोय म्हणून त्यांनी रजा टाकली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारापाशीच थांबली.

"मी साहेबांना भेटून येते."

"ये की," वन्सं म्हणाल्या. घड्याळ काढून खोक्यात ठेवत होत्या. "मी तोवर नमुने तोलते."

"नुसतेच तोला. पिंपाला हात लावू नका."

"आता हिनं मला शिकवायचं! तुझ्या क्लिपशिवाय मी आजवर तोटी सोडली आहे का?"

नव्हती सोडली. म्हणूनच वहिनी निर्धास्तपणे गेली.

साहेबांची खोली अंगणाच्या पलीकडे होती. बाहेर बराच वेळ वाट बघून ती आत गेली, तेव्हा ते कुठून तरी येऊन नुकतेच टेकत होते. वहिनीनं बोटांचं सांगितलं, चपलेचं सांगितलं, वन्संच्या पातेल्याचं सांगितलं. आवाजाचं सांगितलं नाही. ते कसं सांगतात ते तिला माहीत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"मला आधी सांगायचं होतंत," ते म्हणाले. रागावले नव्हते. आवाजात रागापेक्षा वाईट काहीतरी होतं. "आजपासून तुम्ही दोघीही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खोली बंद. पेटी येऊ दे, हवेची नवी सोय होऊ दे, मग बघू. जा, त्यांना बाहेर घेऊन या. ऐकल्या नाहीत तर मी येतो."

वहिनीला हायसं वाटायला हवं होतं. ती उठली.

"पण वहिनी," साहेब म्हणाले, "तुम्ही इकडे कधी आलात? मी आत्ता त्या खोलीच्या खिडकीखालूनच आलो. आत तुम्ही दोघी बोलत होतात."

वहिनी दाराला धरून उभी राहिली. दार धरलंय हे तिला हाताकडे बघून समजलं.

"मी इथं येऊन बराच वेळ झाला, साहेब," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत बाहेर बसले होते."

६

अंगण ओलांडताना तिला पळता येईना. पाय कुठं पडतोय ते बघून पुढचा टाकावा लागत होता.

दाराजवळ आल्यावर वन्संचा आवाज ऐकू आला. गप्पांचा, सैल, घरी भाजी निवडताना असायचा तसा.

"...मला काय कळत नाही होय? चप्पल गेली तेव्हाच कळलं मला. तुझा चेहरा बघितला ना मी. पण तू बोलली नाहीस, म्हटलं आपण कशाला बोला. तुला या खोलीत मी आणलं, वहिनी. तेवढंच सलतं बघ."

मग आवाज थांबला, समोरचा माणूस बोलत असताना आपण थांबतो तसा. मग वन्सं हसल्या. "चल, काहीतरीच तुझं!"

वहिनी उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनं श्वास घेतला. इतका वेळ ती बाहेर होती. नाक ताजं होतं. पेट्रोलसारखा, गोडसर, दाट वास एकदम घशापर्यंत आला. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं फरशीवर पडलं होतं आणि त्या उन्हात सावल्या हलत होत्या. तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तशा, पण ही फरशी तर गारढोण होती. सगळीकडे सावल्या पातळ होत्या. पिंपाशी, वन्संच्या पावलांजवळ मात्र दाट होत्या. तिथं गुडघ्याएवढ्या उंचीवर काहीतरी थरथरत होतं. उकिडवं बसलेल्या माणसाएवढं. वहिनी बघत असतानाच त्याचा वरचा भाग दाराच्या दिशेनं सावकाश फिरला.

वन्सं पाठमोऱ्या, कॅन पुढ्यात घेऊन तोटीशी बसल्या होत्या. क्लिप खुंटीवर लोंबत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "वास आहे. बाहेर या."

म्हणाली, असं तिला वाटलं. ओठ हलले होते. आवाज निघाला की नाही ते तिलाच कळलं नाही. वन्सं वळल्या नाहीत.

तिनं तळवा तांब्याच्या पट्टीवर ठेवला, तो खरंच टेकलाय हे डोळ्यांनी पाहिलं, श्वास कोंडला आणि उंबरा ओलांडला. खालची हवा पिंढऱ्यांना गार लागायला हवी होती; काहीच लागलं नाही. पिंपाकडे, त्या थरथरीकडे बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. डोळे बारीक करून तिनं हात पुढे केला, मनगट धरलं, आणि वळली. मनगट मुकाट्यानं आलं. उंबरा आला तेव्हा तिनं खाली बघून एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा. मागे बघण्याइतकी उसंत नव्हती. पडली असती.

७

ती चालत राहिली. झाडापाशी पोचल्यावर तिनं कोंडलेला श्वास सोडला. खाली मातीत तिची स्वतःची पावलं एकामागून एक पडत होती, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"आता रागवा हवं तेवढं," ती मागे न वळता म्हणाली. "साहेबांनी खोली बंद केली. दोघींचीही सुटका. दुपारी डॉक्टरांकडे जायचं, आणि माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत."

वन्संनी तिला बोलू दिलं होतं, पूर्ण, मध्ये न तोडता. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं.

समोर साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले होते. ते पायरीवर थांबले. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, मग तिच्या मागे ताणलेल्या हाताकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर तिला ओलांडून तपासणीच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"साहेब," वहिनी म्हणाली, "वन्सं आहेत ना माझ्याबरोबर?"

साहेबांनी हात उचलून दाराकडे बोट केलं.

त्याच वेळी मागून, खोलीतून, स्वच्छ आवाज आला. तिचा स्वतःचा. रोज जसा यायचा तसाच, थोडा दमलेला, कामात गुंतलेला.

"लावली."

"बरं, वहिनी," वन्सं आतून म्हणाल्या.

आणि धार सुरू झाली. रिकाम्या कॅनच्या तळावर ती आधी खळखळून वाजते. मग कॅन भरत जातो तसा आवाज बारीक होत जातो. किती भरलं ते न बघता नुसत्या आवाजावरून ओळखता येतं. वहिनीला तो आवाज पाठ होता.

हात सोडून द्यायचा तर तो कशाला धरून आहे ते आधी कळायला हवं होतं. बोटं काही सांगत नव्हती. तिनं हात हळूहळू पुढे आणला, डोळ्यांसमोर धरला. बोटं मिटलेली होती, पण मूठ वळलेली नव्हती. मध्ये मनगटाएवढी जागा होती. त्या जागेतून पलीकडची माती दिसत होती, आणि ती थरथरत होती.

आतला आवाज बारीक झाला होता.

"वन्सं!" ती ओरडली. या वेळी आवाज निघाला. झाडावरचे पक्षी उडाले, साहेब पायरीवरून खाली धावले. खोलीत धार चालूच होती, आणि धारेच्या वरून तिचाच आवाज वन्संना शांतपणे काहीतरी सांगत होता, आणि वन्सं हसत होत्या.

वहिनी वळली आणि दाराकडे पळाली. निदान पळत असावी. पाय जमिनीला लागत होते की नाही हे पायांना माहीत नव्हतं, ते फक्त दाराकडे बघून कळणार होतं. तिनं पहिल्यांदाच पावलांवरची नजर उचलली. तो उंच उंबरा, ती तांब्याची पट्टी, ते खोकं आणि त्यातलं वन्संचं घड्याळ, सगळं जवळ येतंय की नाही, एवढंच ती बघत राहिली.